कोणी आहे का

सोमवार
नवी नोकरी, नवी खुर्ची, शिवाय खिडकीसुद्धा! एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात आमचं बटण असतं. ते दाबलं की सॉकेटवरून, म्हणजे प्रत्येक घराच्या जोडणीसाठी सर्व्हरला ठेवलेल्या दारातून, सर्व्हरला खूण पोचते आणि ड्यूटीवरची नर्स घरी फोन करते. सर्व्हरचा प्रोग्राम ‘फंक्शनल’ प्रकारच्या संगणक-भाषेत लिहिलाय. साहेबांना सगळे मास्तर म्हणतात, कारण ते नमस्कारालाही व्याख्यानानं उत्तर देतात. म्हणाले, या भाषेत एखाद्या नावाला एकदा दिलेली किंमत पुढे बदलत नाही. दगाफटका होतो तो सॉकेटपाशी, तिथूनच बाहेरचं जग आत येतं.

बुधवार
एक जोडणी बंदच होत नाही. त्या घरातल्या आजी वारल्या. मुलीनं परत केलेलं बटण माझ्याच खणात आहे, बॅटरी काढलेलं. तरी तिकडून माझ्या स्क्रीनवर शब्द येतात : कोणी आहे का? बटणाला शब्द पाठवायची सोयच नाही. चूक माझ्या कोडमध्ये असणार म्हणून दिवसभर डोकं फोडलं. जोडणी तोडली की पुन्हा उघडते.

शुक्रवार
नर्सला विचारलं. मान वर न करता म्हणाली, असू दे गं, तुझं काय खातेय ती? पण मला राहवेना. सॉकेटवर ऐकणारा कोडचा तुकडा बदलला. त्या आजींच्या घराचा पत्ता आला की दारातूनच परत. शब्द थांबले. घरी जाऊन मेल्यासारखी झोपले.

सोमवार
दुसऱ्याच घरातून तेच शब्द. नर्सनं फोन केला. आजोबा म्हणाले, बटण दाबलंच नाही. स्वयंपाकघरात कोणी बाई हाका मारतेय, बघून येतो. फोन तसाच राहिला. शेजारी पोचले तोवर आजोबा गेले होते.

मंगळवार
आणखी एक घर. माझा बदल काढून टाकला. जुन्या पत्त्यावरून काही येत नाही – आता कशाला येईल? सर्व्हर बंद करू म्हटलं तर मास्तर ओरडले, खरंच पडलेल्यानं हाक कुणाला मारायची? खरं आहे. फार दमलेय.

बुधवार
आईचं घर. रविवारी मीच तिच्या गळ्यात बटण घातलं. कोणी आहे का?
फोन केला. आई म्हणाली, कोणीतरी आलंय, बसा म्हणते त्यांना –

सॉकेटवरून उत्तरही देता येतं. आम्ही कोणी दिलंच नव्हतं. लिहिलं : मी आहे. आईला सोडा. इकडे या.

आई म्हणते, बाई उठून गेली.

हुश्श –

नर्स दाराशी उभी. म्हणाली, मागे बघू नकोस.
खुर्ची सरकली. खांद्यावर गार –
विचारतेय, इतके दिवस उत्तर का नाही –