मावशीच्या कानात

सोमवार, ४
नर्सिंग कॉलेजात समुपदेशक म्हणून आज रुजू झाले. खोली टीचभर, पण खिडकी ऐसपैस, त्यामुळे स्वारी खूश. धाकटी बहीण सोनू इथेच दुसऱ्या वर्षाला. परीक्षेच्या धसक्याने तिची झोप उडालीय, म्हणून तर ही नोकरी धरली. सरावाच्या खोलीत पलंगावर प्लास्टिकची एक बाई निजलेली असते. मुली तिला मावशी म्हणतात, टोचतात, पुसून काढतात, नसलेली नाडी गंभीर चेहऱ्याने बघतात. मला हसू आवरेना.

गुरुवार, ७
मुली माझ्यासमोर तोंड उघडत नाहीत. मग मावशीसमोर उघडू देत की! मनातली भीती तिच्या कानात सांगायची आणि तिथेच ठेवून यायची. धाकटी कुरकुरली, तर मीच दंडाला धरून नेलं. बाहेर आली ती हसतच, आणि घोरत झोपली. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

मंगळवार, १२
आता कोणीच रडत नाही. प्राचार्यबाई खूश. मात्र वॉर्डातल्या सिस्टर तणतणत आल्या. आपल्या एका मुलीने भलत्याच पेशंटला इंजेक्शन दिलं, आणि तो तडफडत असताना ही बया शेजारी केस विंचरत होती. मी विचारलं तर म्हणाली, त्यात काय एवढं.

शुक्रवार, १५
घरून फोन. आईला दवाखान्यात ठेवलंय. धाकटीला सांगितलं, तर बरं म्हणाली आणि जेवत राहिली. आई नुसती शिंकली तरी कासावीस होणारी पोर ही. हात धरला तर गारढोण.

शनिवार
मावशीचं अंग कोमट लागलं. मनगटावर बोटं ठेवली. नाडी आहे.
कानाला कान लावला. आत मुली रडताहेत, कितीतरी. त्यांत ओळखीचा आवाज— "ताई, मला घरी ने. तूच ठेवलंस ना इथे."

रविवार
काय करून बसले मी. मावशीला उचलून न्यायला आले— हलत नाही— फार जड—

धाकटी दारात. मागे बाकीच्या. सगळ्या हसऱ्या. म्हणते, तायडे, किती घाबरलीस, मावशीला सांगून टाक.

माझं मनगट धरलंय. दुसऱ्या हाताने लिहितेय. मघाशी मी तिचं चाचपलं— नाडीच नाही— कुठेच—

"तुझी अजून लागतेय गं," म्हणाली.

मान वाकवताहेत— कानाशी— मी सांगणार नाही— आतली ती माझी, तिला मग कोण सोडवणार— सोनू, मी इथेच आहे, तू फक्त