उद्घाटन झालेल्या संडासाचा पहिला मान

प्रति,
मा. गटविकास अधिकारीसाहेब,
पंचायत समिती, तालुका कचेरी,
जिल्हा सातारा.

विषय : आपण उद्घाटन केलेला संडास आपण स्वतः एकदा वापरून मोकळा करून देणेबाबत.
संदर्भ : संक्रांतीआधीची आपली भेट, नारळ व भाषण.

महोदय,

अर्जदार ही उंब्रजजवळच्या जांभळेवस्तीवरील जोतीराम नाथाजी जांभळे यांची मुलगी असून यंदा दहावीला आहे. या विषयावर लिहायची घरात सगळ्यांना लाज वाटते. अर्जदाराला ती वाटायची आता बंद झाली आहे.

१. अर्जदाराचा थोरला भाऊ अर्जुना पलटणीत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत त्याने बायकोसाठी, म्हणजे लीलावहिनीसाठी, कराडहून चिनी मातीचे भांडे, त्याखालचा वाकडा पाइप आणि पितळी तोटी एस.टी.च्या टपावर बांधून आणली. गावाने फार चेष्टा केली. त्याने सुतळी वळून, सिमेंट भरून प्रत्येक जोड स्वतः बसवला. त्या वाकड्या पाइपात पाणी साचून राहिले म्हणजे वास वर येत नाही, हे त्याने सगळ्यांना बसवून समजावले आणि तो परत सीमेवर गेला.

२. वस्तीवरचा पहिला संडास म्हणून आजोबांनी आपणांस बोलावले. आपण फीत कापली, नारळ फोडला, माता-भगिनींच्या अब्रूवर बोललात. टाळ्या झाल्या. पोहे झाले. मग आपण हळूच तांब्या मागितलात आणि उसात गेलात.

३. हे आजोबांनी पाहिले. त्या दिवसापासून त्यांचे एकच म्हणणे आहे, "ज्यानं नारळ फोडला त्याचा पयला मान. सायबाचा मान ऱ्हायलाय. त्यांच्या आधी माझ्या घरातलं कुणी बसायचं न्हाई." दाराला कुलूप आहे. तोटी सोडायलाही बंदी आहे. वाकडा पाइप कोरडा पडून त्यात पालीने संसार मांडला आहे. शेजारच्या बायका मंगळवारी चौकटीला हळदकुंकू लावून जातात. गेल्या आठवड्यात एकीने नवससुद्धा बोलला. भाऊ पत्रातून विचारतो, भांड्यात पाणी ओतता ना? घरून त्याला होय म्हणून कळवतात.

४. आता मुख्य तक्रार. आपण ज्या उसात गेलात तो ऊस तुटून कारखान्याला गेला. रान उघडे पडले. वहिनीला आठवा महिना आहे. अंधारात जावे तर पाटाच्या कडेला पाय घसरतो, एकदा पडलीसुद्धा. उजेडात जावे तर रस्त्यावरून गाड्या जातात. म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही. पाय सुजले आहेत. सुईण बोलली, तरी आजोबा ऐकेनात. परवा ती अर्जदाराला एवढेच म्हणाली, "वन्सं, सायेब एकडाव येऊन गेलं असतं तर मी पोटभर पाणी प्याले असते."

अर्जदाराने आजोबांशी वाद घातला. ते म्हणाले, कुलपाला हात लावलास तर त्याच दिवशी शाळा बंद. ते बोलले म्हणजे करतात. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

तरी आपण जीप घेऊन यावे. भाषण नको, हार नको. आत जावे, कडी लावावी, पाणी ओतावे आणि बाहेर यावे. सोमवारपर्यंत आपण न आल्यास अर्जदार पहाटे कुलूप फोडून वहिनीला आत बसवील आणि स्वतः दाराशी उभी राहील. त्यानंतर अर्जदार शाळेत दिसली नाही, तर आपला मान एका बाईने घेतला असे आपण समजावे.

सोमवारपर्यंत आपली आज्ञाधारक,
कु. मालन जोतीराम जांभळे

दि. २४ फेब्रुवारी १९७७

सोबत : आपण कापलेल्या फितीचा तुकडा, जागेची आठवण पटावी म्हणून.