कडेनं जाणारा उजेड

१२ जानेवारी, नांदेड
लातूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कालच परतलो. पडद्याचा मधला भाग गेला – आता येणे नाही. "गुरुजी, कडेचं दिसत राहील." कडेचं घेऊन काय करू? ज्या शब्दाकडे बघावं तोच काळा डाग गिळतो!

१५ जानेवारी
सातवीचं जुनं वाचनपुस्तक काढलं. सगळ्या कविता पाठ, त्यामुळे वर्गात कधी उघडलंच नाही. घरीच पडून असायचं. आता पाठांतरही सुटून राहिलंय. एकदा, शेवटचं, वाचावं म्हटलं. डाग. मिटून ठेवलं.

१९ जानेवारी
नात आली, तनुजा. हैदराबादला प्रकाशावर संशोधन करते. सिलिकॉनच्या तुकड्यात म्हणे बारीक भोकांची नक्षी. "दोन नक्षी भिडतात ना आजोबा, त्या बांधावरूनच प्रकाश धावतो. आत मज्जाव. वळण येवो, टवका उडालेला असो – वळसा घालतो, मागं फिरत नाही."
"का गं?"
तिनं नाश्त्यातला मेदूवडा उचलला. "दाबा, ताणा – भोक एकच! तोडल्याशिवाय बदलत नाही. नक्षीचंही तसंच काहीसं. म्हणून वाट मोडत नाही."
"म्हणजे माझ्या डोळ्यासारखंच. आत अंधार."
पोर हसली नाही.

२० जानेवारी
बायको आठवली, गुणा. इस्लापूरकडची, अक्षरओळख नसलेली. लग्नानंतर मीच शिकवायला घेतली. एकदा तिनं माझ्या वहीच्या समासात 'ग' गिरवला. समास म्हणजे माझा धर्म! पोरांचा एक काना त्यात गेला तरी पान फाडायचो. तिचंही फाडलं – तिच्यासमोर.
"न्हाई जमायचं मला, मास्तर."
पुन्हा पेन्सिल धरलेली दिसली नाही. बँकेत शेवटपर्यंत अंगठा. मागच्या साली गेली. तो अंगठा माझं पाप.

२२ जानेवारी
लिहिताना ओळीवर ओळ चढत असेल. कुणाला वाचायचंय?

२४ जानेवारी
तनुजा जाताना म्हणाली, "डाग राहू द्या मधे. कडेनं काय येतं ते बघा."
ओरडलो. "कविता काय समासात असते का?"
लेकरू निघून गेलं.

२७ जानेवारी
पुस्तक पुन्हा उघडलं. कवितेकडे बघितलं – डाग. पण कडेला, समासात, पेन्सिलीची बोराएवढी अक्षरं! ग. गु. गुणा. पान उलटलं – गुणा. सगळे समास भरलेत. आणि बँकेत अंगठा!
शेवटच्या पानावर अक्षरं कडेनं उतरलीत, फाटका कोपरा चुकवून खाली वळलीत –
मास्तर फाडू नका.