हॉलच्या खुंटीवरची किल्ली

मी, खाली सही करणारी, विद्यापीठाच्या खेळ-नाटकाच्या हॉलची देखभाल करून निवृत्त झालेली बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. आणायची कोणाची टाप आहे?

१. माझं राहतं घर स्वकष्टाचं आहे. ते माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावं. अट कलम पाचमध्ये आहे.

२. रंगीत चिकटपट्ट्यांची रिळं नातीला द्यावीत. हॉलची जमीन एकच. सकाळी तिथे बॅडमिंटन, दुपारी नाच, संध्याकाळी नाटक. पिवळी पट्टी खेळाची, पांढरी नटांची. एकदा राजाचं काम करणारा पोरगा चुकून पिवळ्या पट्टीवर जाऊन उभा राहिला. प्रकाश एकीकडे, राजा भलतीकडेच! सगळं मरण त्याने अंधारात उरकलं. पण काय आवाज होता! हॉल श्वास रोखून बसला होता, मीसुद्धा. सकाळी जिथे पोरं 'आउट, आउट' म्हणून भांडली, तिथेच संध्याकाळी राजा मेला, या गोष्टीचं नवल मला नोकरीभर पुरलं.

३. दारातलं पायपुसणं बास्केटबॉलच्या सरांना, म्हणजे आमच्या ढांगमामांना द्यायचं होतं. चिखलाच्या बुटांनी त्यांनी माझा जन्मभर जीव खाल्ला. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून आजच दिलं.

४. माझी नात यंदा त्याच विद्यापीठात शिकायला गेली आणि ट्रॅम्पोलिनच्या संघात निवडली गेली. त्यावर आमच्या चिरंजीवांचं फर्मान निघालं, "हॉलची पायरी चढलीस तर शिक्षण बंद. उड्या मारून कोणाचं पोट भरलंय?" अरे, तुझंच भरलंय! तुझ्या तोंडात पडलेला घास न् घास त्या हॉलने दिला. पोर माझ्याजवळ येऊन हुंदके देऊन रडली. हे मी विसरलेले नाही.

५. म्हणून घराची किल्ली हॉलच्या खुंटीवर राहील. नातीच्या स्पर्धेला मुलाने पहिल्या रांगेत बसावं, मोबाइल खिशात ठेवावा आणि शेवटपर्यंत बघावं. मग वकील किल्ली त्याच्या हातात देतील. तिचं शिक्षण किंवा सराव त्याने बंद पाडला, तर घर नातीचं.

बाळा, आता तुझ्याशी बोलते. शाळा सुटली की तू माझं काम संपायची वाट बघत हॉलच्या पायरीवर बसायचास. एकदा एक मुलगी ट्रॅम्पोलिनवरून पार छताकडे गेली. तू माझा हात ओढून विचारलंस, "आई, ती परत खाली का येते?"

तू आता इंजिनिअर आहेस, तुला उत्तर येत असेल. मला अजून येत नाही. पण आ वासून वर बघणारं तुझं ते तोंड मला पुन्हा एकदा बघायचं होतं. ते राहून गेलं. तुझ्या लेकीला तरी वरून दिसू दे.

सही: हॉलवाली आई

साक्षीदार:
१. ढांगमामा
२. नाटकाच्या बाई
(हॉलच्या वेळेवरून आयुष्यभर भांडलेले हे दोघे आज एका बाकावर बसले आणि माझ्यासमोर सह्या केल्या.)

ठिकाण: हॉल, पिवळ्या पट्टीच्या आत
दिनांक: सत्र सुरू झालं त्याच आठवड्यातला शुक्रवार