धामणखेडचं गोड पाणी

१६ नोव्हेंबर १९५८

धामणखेडला पोचलो. शकुंतला रेल्वेतून उतरलो तर माझ्यासाठी दमणी उभी, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. एका मास्तरच्या बदलीला एवढा थाट! गाव खातंपितं आहे. विटांची शाळा, गावाचं स्वतःचं जिनिंग, दारोदार कापसाच्या गंज्या. वेशीवर जानराव पाटील स्वतः उभे होते. त्यांनी माझ्या हातावर गूळ ठेवला आणि गावविहिरीच्या पाण्यानं भरलेला लोटा पुढे केला. म्हणाले, "घ्या मास्तर, गावचं पानी हाय."

तिवशाजवळच्या आमच्या गावात लहानपणी मी विहिरीपासून लांब उभा राहून ओंजळ धरायचो आणि कुणीतरी वरून ओतायचं. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला दोन वर्षं झाली, तरी तिथं अजून तेच चालतं. इथं पाटलांच्या लोट्याला तोंड लावून प्यालो. पाणी गोड लागलं. डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत. जानराव माझ्या डोळ्यांकडे बघतच राहिले, फार वर्षांनी एखादी गोष्ट दिसावी तसे.

२१ नोव्हेंबर

चौथीच्या मुलांसाठी गावाचा इतिहास-भूगोल लिहायला घेतला आहे. उत्तरेला ओढा, बाकी तिन्ही बाजूंना काळी जमीन, मधोमध गावविहीर. ती कधी आटत नाही. बांधावरून भांडण नाही, कोर्टात दावा नाही. अमरावतीचे वकील इथं राहायला आले तर उपाशी मरतील. पोरंही शहाणी, वर्गात कालवा म्हणून नाही. हे सगळं बायकोला, मैनेला सांगायचं आहे. तिच्या भावाचं लग्न आटोपलं की ती आमच्या फुलीला घेऊन येणार. फुलीशिवाय घर खायला उठतं. चार वर्षांची पोर, पण रडायला लागली की अख्खा मोहल्ला गोळा करते.

२८ नोव्हेंबर

इतिहास जानरावांनी सांगितला. साठेक वर्षांपूर्वी छप्पन्याच्या दुष्काळात घरोघर पोरं मेली. रडण्याशिवाय गावात दुसरा आवाज नव्हता. शेवटी साऱ्या बाया कोरड्या विहिरीच्या काठावर बसल्या आणि त्यांनी आपलं रडणं आत सोडलं. विहिरीला पाणी लागलं. तेव्हापासून गावात कुणी रडलं नाही, कुणी कुणाचा राग धरला नाही, आणि गाव वर आलं. मी भूत-भानामती मानत नाही. पुस्तकात लिहिलं की दुष्काळात विहीर खोल खणली गेली.

४ डिसेंबर

कंदिलाची तापलेली काच हातात धरली. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा कळलं. तळव्याला मोठा फोड आहे, दुखत नाही. मूर्तिजापूरला जाऊन दाखवायला हवं, पण घाई वाटत नाही. मैनेचं पत्र आलं, चौदा तारखेला येते म्हणून. वाचून ठेवलं.

९ डिसेंबर

शेजारच्या चतुराबाईचा मुलगा सकाळी साप चावून गेला. एकुलता एक, माझ्याच वर्गातला. त्याला माती देऊन आलो. कुणी रडलं नाही. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, लोक तिथं भाकर नेऊन देतात. इथं दुपारी चतुराबाईच माझ्यासाठी भाकर घेऊन आली. म्हणाली, "पोट्टं गेलं मास्तर. भाकर गरम हाय, खाऊन घ्या." मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं काही नव्हतं. मग ध्यानात आलं की मीही जेवतो आहे, आणि भाजीला मीठ कमी पडलं, एवढाच विचार करतो आहे.

१० डिसेंबर

विहिरीचं पाणीच ते. आता भीती वाटायला हवी होती. या गावाला माझा विटाळ वाटला नाही, कारण याला काहीच वाटत नाही. मी मात्र तेवढ्यावर हरखून गेलो. दिवसभर ओढ्याचं पाणी प्यालो. उपयोग नाही. फुलीला हे पाणी पाजायचं नाही. मैनेला पत्र लिहिलं — काही झालं तरी येऊ नकोस.

१२ डिसेंबर

पत्र खिशातच आहे. टपालवाला दारावरून गेला. हाक मारायची होती. फुलीचं रडणं आठवून पाहतो — तिचं तोंड दिसतं, पण आवाज —

१४ डिसेंबर

वेशीवर आलो आहे. गाव जमलं आहे. जानरावांनी लोटा माझ्या हातात दिला. घरच्यांना घरच्याच माणसानं पाणी द्यायचं, अशी इथली रीत. डाव्या हातात लोटा, उजव्यात पेन्सिल. वही गुडघ्यावर.

दमणी आली. मैना उतरली. फुली धावत सुटली — पडली. गुडघा फुटला. मोठ्यानं रडते आहे. सारं गाव गप्प उभं राहून ऐकतं आहे. चतुराबाई पुढे सरकली. मला नुसतं दिसतं आहे, वाटत काही नाही.

लोटा उलटा करायचा. मातीत. एवढंच तर —

फुलीला तहान लागली म्हणते मैना. फुलीनं लांब उभं राहून ओंजळ धरली आहे, आमच्या गावात धरतात तशी. जानराव तिला म्हणाले, "काहून दूर उभी हायस व माय? लोट्यानंच पे."

मनगट फिरवायचं —

लोटा हलका झाला. माती कोरडी आहे. फुली रडायची थां