सायप्रसच्या बेटातली पाच मिनिटे

४ जानेवारी, शनिवार. सकाळ.
मी, एवेलिओ किन्योनेस, वय चौपन्न, वाणिज्य पदवीधर, स्वेच्छानिवृत्त लेखापाल, राहणार होमस्टेड, फ्लोरिडा, ही रोजनिशी एकाच हेतूने सुरू करीत आहे. एव्हरग्लेड्सच्या पाणथळीतून पाहुण्यांना चालत नेणारा स्वतंत्र मार्गदर्शक म्हणून याच कोरड्या हंगामात माझी नेमणूक झाली पाहिजे. तूर्त उमेदवार आहे. तीन फेऱ्या मी न्यायच्या. वनाधिकारी डार्लीन टकर मागून चालणार आणि निर्णय देणार. बाई पस्तिशीच्या आतल्या आहेत. माझा आक्षेप नाही.
पत्नी मिर्ता कॉफी ओतताना म्हणाली, "म्हातारबुवा, मगरींनाही मधून मधून बोलू द्या हो."
दुर्लक्ष केले.

११ जानेवारी. पहिली फेरी.
वाहनतळावर सूचना दिल्या. बुटांच्या नाड्या घट्ट हव्यात, नाहीतर चिखल बूट ठेवून घेतो. काठीने तळ चाचपल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. सूचना परिपूर्ण झाल्या. दोन पाहुणे दरम्यान गाडीत जाऊन सँडविच खाऊन आले.
पाणथळीत सायप्रसची झाडे बेटासारखी गोल उभी असतात. मध्यभागी पाणी कमरेला लागले की थांबायचे आणि पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही, हा आमचा रिवाज. फेरीचा गाभाच तो. पाहुण्यांना तो नीट उमगावा म्हणून मी शांततेचे महत्त्व विशद केले. विशद होईपर्यंत पाच मिनिटे संपली.
परतताना टकरबाई म्हणाल्या, "एवेलिओ, शांतता छान समजावलीत. पुढच्या वेळी ठेवूनही बघा."
एकंदरीत अनुकूल अभिप्राय.

१८ जानेवारी. दुसरी फेरी.
संकल्प: शांततेत एकही शब्द उच्चारणार नाही. तंतोतंत पाळला. केवळ हातांनी दाखवले. फांदीवरचे ऑर्किड, बुंध्यावरची गोगलगाय, पाण्यातले मासे, पुन्हा ऑर्किड (काहींचे लक्ष नव्हते). एका निवृत्त शिक्षिकेने शेजारणीच्या कानात विचारले, "अगं, या गृहस्थांना झटका तर येत नाहीये ना?" शेजारीण डॉक्टर निघाली. तिने भर पाण्यात माझी नाडी पाहिली. नाडी उत्तम.
शांतता भंग करणारा मी नव्हतो, हे येथे नमूद करतो.
टकरबाई पाठ फिरवून उभ्या होत्या. खांदे हलत होते. सर्दी असावी.

२५ जानेवारी. तिसरी, निर्णायक फेरी.
सुरुवात निर्दोष. बेटाच्या मध्याशी सर्वांना उभे केले आणि पलीकडच्या वाटेवर मगर पहुडलेली नाही ना, हे पाहायला एकटाच पुढे गेलो. मगर नव्हती. परत बेटात आलो, तर एकही पाहुणा जागेवर नाही! स्पष्ट सूचना असताना ही बेशिस्त. वाट पाहत उभा राहिलो.
बऱ्याच वेळाने टकरबाई काठी टेकत आल्या. "एवेलिओ, हे शेजारचं बेट. आपली माणसं त्या बेटात आहेत."
सायप्रसची बेटे लांबून एकसारखी दिसतात. हा दोष बेटांचा.
तिथे पाहुणे जसेच्या तसे उभे, गप्प. कोणाला हलायचेच नव्हते. एका बाईंचे डोळे भरले होते. माझा हात धरून म्हणाल्या, "किती छान केलंत हो तुम्ही!" आभार स्वीकारले. नेमणूक आता औपचारिकता.

२६ जानेवारी. दुपार.
टकरबाईंचा फोन. नेमणूक नाही.
कारण विचारले. त्या म्हणाल्या, "लोकांना सगळ्यात काय आवडलं माहितीये? तुम्ही नव्हता, तो वेळ." मी वाक्य टिपून घेतले. त्या म्हणाल्या, "रागावू नका. शनिवारी पाहुणे म्हणून या. नुसते उभे राहा."
मिर्ताला सांगितले. टोमणा अपेक्षित होता. तिने गरम तळलेल्या क्रोकेतांची बशी माझ्यापुढे सरकवली. खाल्ल्या नाहीत. नंतर खाल्ल्या.

१ फेब्रुवारी, शनिवार.
गेलो. रांगेत शेवटून दुसरा. नव्या मार्गदर्शकाच्या सूचना त्रोटक, नाड्यांचा उल्लेख अपुरा. दुरुस्ती केली नाही.
बेटाच्या मध्याशी सगळे थांबले. समोर सापमान्या पक्षी पंख पसरून वाळवीत होता. त्याच्याविषयी मला पुष्कळ ठाऊक आहे. कोणी विचारले नाही.
तळातून बुडबुडे येतात आणि पृष्ठभागावर फुटतात. त्यांना आवाज असतो. हे मला माहीत नव्हते.

एवेलिओ किन्योनेस
होमस्टेड, १ फेब्रुवारी