थोरलीची कास

९ डिसेंबर
अण्णांचा फोन. सात महिन्यांत पहिल्यांदा. उचलू की नको, झालं. शिव्या घालतील वाटलं. पण एवढंच म्हणाले – थोरलीला एकदा येऊन बघा. आमच्या पागेतून जूनमध्ये रपेटीच्या शाळेला दिलेली घोडी. आमच्याकडून काढल्यावर अण्णा तिथंच मोतद्दार म्हणून लागलेत. दोघं एकाच घरी पडले म्हणायचे.

१० डिसेंबर
जाऊन आलो. थंडीचे केस वाढलेत, तरी बरगड्या मोजता येतात. कणा वर आलाय, शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे खळगे. आणि खाली पोट हे एवढं! शाळेतले म्हणतात जंत. दोनदा औषध पाजून झालं.

अण्णा म्हणाले, जंताचं पोट असं खाली उतरत नाही. मी म्हटलं, एप्रिलमध्ये गाभ धरला असता तरी पहिलटकरणीचं पोट आठव्या महिन्यात एवढं दिसत नाही, आणि ही तर तपासणीत रिकामी निघालेली. त्यांनी तिला बादलीभर गार पाणी पाजलं आणि माझा हात धरून तिच्या कुशीवर ठेवला. उभे राहिलो. मग आतून धक्का बसला. थेट तळहाताला.

अण्णा हसले. मला हसता आलं नाही.

११ डिसेंबर
तपासणीची वही काढली. पाच मे. 'थोरली – रिकामी. धाकटी – गाभण.' अक्षर माझंच.

आठवलं सगळं. थोरली तपासणीच्या खोड्यात शिरेना, म्हणून धाकटीला आधी घेतलं. डॉक्टरांचा डोळा सोनोग्राफीच्या पडद्यावर. दोघी झाल्यावर म्हणाले, पहिली रिकामी, दुसरी गाभण. बहिणी दोघी, रंग एक, कपाळावरची चांदणी एक. मी सवयीनं थोरलीचं नाव आधी लिहिलं. बस्स. एवढंच केलं मी.

नंतर थोरली माजावर आलीच नाही. ही तर गाभण असल्याची पहिली खूण! आम्ही म्हटलं वांझ, आणि दिली पाठवून. सहा महिने पोरं बसतायत तिच्यावर, अडथळ्यांवरून उड्या मारतायत.

१२ डिसेंबर
बायकोला सांगितलं नाही. ताटात भात तसाच राहिला, तो तिनं बघितला.

१४ डिसेंबर
अण्णांचं मनातून जात नाही. धाकटीची गाभाच्या पंचविसाव्या दिवशी दुसरी तपासणी झाली, तेव्हा पोट रिकामं निघालं. डॉक्टर म्हणाले, धरलेला गाभ गळाला असेल, होतं असं. पण त्याच आठवड्यात अण्णांच्या हातून दावं सुटून ती मैदानभर उधळली होती. मालकीणबाईंनी दोन्हीचा संबंध जोडला. अण्णांची तीस वर्षांची नोकरी एका सकाळीत गेली. मी शेजारीच उभा होतो. तेव्हा मलाही खरंच वाटलं होतं, चूक अण्णांची.

गळायला गाभ होता कुठे?

१५ डिसेंबर
बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, थोरलीला काहीतरी निमित्त काढून परत आणतो, वहीचं कशाला काढायचं? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घोडीला बोलता येत नाही. अण्णा बोलणार नाहीत. मग तुम्हीही गप्प बसा, म्हणजे झालंच."

संध्याकाळी बाईंच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

१७ डिसेंबर
सांगितलं. वहीच पुढे ठेवली. मालकीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता पागेच्या किल्ल्या मागतील. म्हणाल्या, आधी घोडी आणा. अण्णांकडे मी स्वतः जाते.

गेल्याही. गाडीतून एकट्या.

१९ डिसेंबर
थोरली घरी आली. दावं अण्णांच्या हातात.  दुपारी फक्त म्हणाले, वही यापुढे मी धरतो, मला लिहिता येत नाही म्हणजे चूकही होणार नाही. हसावं की रडावं, कळेना.

डॉक्टर बाहेरगावी आहेत, फोनवर बोललो. दाणा-चंदी एकदम वाढवू नका, मूठमूठ चढवा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हात फिरवा. पोटाच्या ओझ्यानं कातडी ताणली की बरगड्या आहेत त्याहून उघड्या दिसतात. खरं काय ते पाठ आणि शेपटीचं मूळ सांगतं. हात फिरवून मी अंगावरच्या मांसाला नऊपैकी साडेतीन गुण म्हटलं. अण्णा म्हणाले तीन. तीन लिहिलं.

२४ डिसेंबर
शेपटीजवळचे खळगे किंचित भरलेत. अण्णांनी माझ्यासाठीही चहा ओतला.

२८ डिसेंबर
कास भरली! सकाळी खरारा करताना अण्णांनी हाक मारली. कालपर्यंत सपाट होती, आज दोन्हीकडे टचटचीत, सडाच्या टोकाला ओल. पहिलटकरणी शेवटच्या आठवड्यापर्यंत पत्ता लागू देत नाहीत, आणि आमची अकरा महिने भरायच्या तीन महिने आधीच तयारीला लागली. म्हटलं, चंदी अंगी लागली. अण्णा मात्र बराच वेळ खाली वाकून बघत राहिले.

घरी शीळ घालत आलो. बायको म्हणाली, पंधरा दिवसांनी माणसात आलात.

२९ डिसेंबर
डॉक्टरांना कासेचं सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील.  त्यांनी एवढंच विचारलं, दूध टपकतंय का? मी हो म्हटलं. "उद्या सकाळी निघतो. तिला हलवू नका," म्हणाले. अभिनंदन वगैरे काही नाही.

३० डिसेंबर
डॉक्टर पोचायच्या आत थोरलीनं गाभ टाकला. सकाळी दहाला. दोन शिंगरं. एक मांजराएवढं. दोन्ही निर्जीव. घोडी उभी आहे.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. कास एवढी आधी भरणं म्हणजे गाभ पडायची खूण. जुळं पहिल्या तपासणीत निसटू शकतं, दुसऱ्या तपासणीत नाही. तेव्हा एक काढलं की दुसरं जगतं. वहीत रिकामी म्हणून तिची दुसरी तपासणी झालीच नाही.

मालकीणबाई थोरलीच्या मानेवरून हात फिरवत म्हणत होत्या, नशिबात नव्हतं. डॉक्टर हात धुवत होते.  मी म्हणालो, "नशीब नव्हे, बाई," आणि उरलेलं सांगितलं.